बार्बाडोस : दोघांच्या पहिल्या सहलीची आखणी

- प्रतिनिधी

२९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर रोहित शर्माच्या संघाने दक्षिण आफ्रिकेवर सात धावांनी मात करून ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला आणि इकडे मध्यरात्रीच्या सुमारास गल्लोगल्ली फटाके फुटले. मात्र विजेत्यांना लगेच परतता आले नाही. 'बेरिल' नावाचे चक्रीवादळ बार्बाडोसच्या दिशेने सरकत होते. विमानतळ बंद करावा लागला आणि विश्वविजेता संघ हॉटेलात अडकून पडला. अखेर त्यांच्यासाठी खास विमानाची व्यवस्था झाली आणि ४ जुलैच्या सकाळी संघ दिल्लीत उतरला.

त्या चार-पाच दिवसांत बार्बाडोस हे नाव आपल्याकडे घराघरांत पोहोचले. तोवर क्रिकेटच्या धावफलकापुरते ठाऊक असलेले हे बेट लग्न ठरलेल्या वा नुकत्याच झालेल्या जोडप्यांच्या सहलींच्या यादीत दिसू लागले, यात नवल नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या पर्यटकाला तेथे ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही माहिती तर मोहात पाडणारीच आहे. परंतु संघासाठी खास विमान गेले, तसे आपल्यासाठी जाणार नाही. वर्षाची रजा आणि दोघांची बचत पणाला लावून एवढ्या दूर जाताना आखणीतील चूक परवडत नाही. या सहलीतल्या महागड्या चुका बेटावर होतच नाहीत. त्या मुंबई-पुण्यात, तिकीट काढण्याच्या आधीच्या आठवड्यात होतात. मार्ग कोणता, महिना कोणता आणि किनारा कोणता, हे तीन निर्णय याच क्रमाने आणि दोघांनी मिळून घेतले, तर बाकीचे बरेचसे आपोआप जुळून येते.

एकच बेट का?

'कॅरेबियन' हे एका ठिकाणाचे नाव नाही. क्यूबा आणि जमैकापासून दक्षिणेला त्रिनिदादपर्यंत पसरलेल्या लहानमोठ्या शेकडो बेटांचा तो समूह आहे. त्यात स्वतंत्र राष्ट्रे आहेत, तशी ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स आणि अमेरिका यांच्या अखत्यारीतील बेटेही आहेत. प्रत्येकाचे चलन, कायदे आणि प्रवेशाचे नियम निरनिराळे. 'एवढ्या लांब जातोच आहोत, तर तीन बेटे पाहून घेऊ' हा आपला स्वाभाविक विचार असतो. पण दोन बेटांमधील प्रवास लहान विमानांनी करावा लागतो, ती विमाने रोज असतीलच असे नाही आणि प्रत्येक स्थलांतरात सुटीतला एक दिवस खर्ची पडतो. पहिल्या सहलीसाठी एकच बेट आणि तेही लहान निवडणे शहाणपणाचे.

बार्बाडोस या कसोटीला उतरते. बेटाची लांबी सुमारे ३४ किलोमीटर आणि जास्तीत जास्त रुंदी सुमारे २३ किलोमीटर. लोकसंख्या तीन लाखांच्या आत. भाषा इंग्रजी, वाहने आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने धावणारी. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळापासून बनलेल्या चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी या खडकातून गाळून खाली उतरते आणि नळाचे पाणी निःशंकपणे पिता येते. १९६६ मध्ये ब्रिटनपासून स्वतंत्र झालेला हा देश ३० नोव्हेंबर २०२१ रोजी प्रजासत्ताक झाला आणि ब्रिटनच्या राणीचे तेथील राष्ट्रप्रमुखपद संपुष्टात आले.

आधी वाट, मग बेट

भारतातून बार्बाडोसला थेट विमान नाही. मुंबईहून निघणाऱ्यांना प्रामुख्याने दोन मार्ग दिसतात. पहिला लंडनमार्गे. मुंबई-लंडन सुमारे दहा तास आणि तेथून ब्रिजटाऊन आणखी साधारण नऊ तास. दुसरा न्यूयॉर्क किंवा मायामीसारख्या अमेरिकी शहरामार्गे. मधला थांबा धरता घरातून निघाल्यापासून हॉटेलात पोहोचेपर्यंत एक अख्खा दिवस सहज उलटतो.

येथेच पहिला खड्डा आहे. बार्बाडोसला व्हिसा लागत नाही याचा अर्थ वाटेतल्या देशालाही तो लागत नाही, असा होत नाही. अमेरिकेच्या विमानतळावर केवळ विमान बदलायचे असले, तरी भारतीय प्रवाशाला अमेरिकेचा व्हिसा लागतोच. ब्रिटनमध्ये विमानतळाबाहेर न पडता विमान बदलणाऱ्या भारतीयांनाही सर्वसाधारणपणे ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल, तर त्यातून सूट मिळते.

परिचयातील एका जोडप्याला या सुटीचाच फटका बसला. पती सॉफ्टवेअर क्षेत्रातला. कार्यालयीन कामामुळे त्याच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता. पत्नी बँकेत नोकरीला आणि तिचा हा पहिलाच परदेश प्रवास. 'आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागत नाही' असे त्याने कुठेसे वाचले होते आणि ते खरेही होते, पण फक्त त्याच्यापुरते. मुंबई विमानतळावरील काउंटरवर त्याला बोर्डिंग पास देण्याची तयारी होती. तिला मात्र नकार मिळाला. दोघेही सामानासह घरी परतले. तिकिटाचे बहुतेक पैसे बुडाले, हॉटेलची आगाऊ रक्कमही गेली. पैशांपेक्षा त्या रात्री घरी दार उघडणाऱ्या आई-वडिलांना काय सांगायचे, हेच अधिक जड गेले, असे ती दोघे सांगतात. तात्पर्य, नियम 'आपल्याला' लागू होत नसतो. तो प्रत्येक पासपोर्टला स्वतंत्रपणे लागू होतो. दोन्ही पासपोर्ट समोर ठेवून, दोघांसाठी वेगवेगळी तपासणी करणे आवश्यक आहे.

दुसरा खड्डा तिकिटाच्या रचनेत असतो. स्वस्त पडतात म्हणून मुंबई-लंडन आणि लंडन-ब्रिजटाऊन अशी दोन सुटी तिकिटे काढली, तर सामान सहसा लंडनला ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते. लंडनला एकाहून अधिक विमानतळ आहेत. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचे विमान पकडायचे असेल, तर विमानतळाबाहेर पडणे अटळ ठरते. अशा वेळी बाहेर न पडणाऱ्या प्रवाशाचा ट्रान्झिट व्हिसा पुरत नाही, वेगळ्या प्रकारचा घ्यावा लागतो. शिवाय पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. म्हणून संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर आणि विमान बदलणे एकाच विमानतळावर, हा नियम पाळावा, थोडे जास्त पैसे पडले तरी. युरोपातील अन्य शहरांतून जाण्याचा विचार असेल, तर त्या त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर तिकीट काढण्यापूर्वी पाहावा. हे नियम वरचेवर बदलतात. मित्राच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. महाराष्ट्रात लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर मधले नावही बदलते. काही घरांत तर पहिलेही. तिकीट काढणारा उत्साही नवरा नवे नाव लिहितो आणि पासपोर्टवर मात्र माहेरचे नाव असते. तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी जुळले पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. बदलायचे असल्यास सहलीहून परतल्यावर सावकाश बदलता येते. लग्नपत्रिका छापण्याच्या धामधुमीत पासपोर्ट पुनर्मुद्रणाला टाकून व्हिसाचा अर्ज खोळंबवण्यात अर्थ नाही.

बार्बाडोसला पोहोचल्यावर परतीचे तिकीट, राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता आणि खर्चाची तरतूद याविषयी विचारणा होऊ शकते. प्रवेशाचा अर्ज प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरता येतो. सर्व कागदांच्या छापील प्रती दोघांकडे स्वतंत्र असाव्यात.

महिना कोणता?

अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने अधिक धोक्याचे. योगायोग असा, की आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंतचा आपला चातुर्मास बहुतांशी याच काळात येतो. आपल्याकडे ज्या महिन्यांत लग्ने होत नाहीत, नेमक्या त्याच महिन्यांत तिकडे वादळे घोंगावत असतात. तुळशीच्या लग्नानंतर आपले मुहूर्त सुरू होतात, तेव्हा तिकडचे आकाशही निवळू लागते.

बार्बाडोस हे कॅरेबियन बेटांच्या मुख्य रांगेच्या पूर्वेला, अटलांटिकमध्ये एकटेच उभे आहे. अनेक वादळे त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. त्यामुळे शेजाऱ्यांच्या तुलनेत थेट तडाखे कमी. १९५५ च्या 'जॅनेट'नंतर चक्रीवादळाच्या तीव्रतेचा फटका या बेटाला बसला तो थेट जुलै २०२१ मध्ये, 'एल्सा'मुळे. पण 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे. २०२४ मध्ये बेरिलचे केंद्र बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेले, तरी तेथील मच्छीमार नौकांचे मोठे नुकसान झाले. पुढे हे वादळ ग्रेनाडाच्या अखत्यारीतील कॅरियाकू बेटावर धडकले आणि ते छोटे बेट उद्ध्वस्त झाले.

डिसेंबर ते मे हा कोरडा मोसम. मात्र डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत युरोप व उत्तर अमेरिकेतले पर्यटक थंडी चुकवण्यासाठी येतात आणि हॉटेलांचे दर त्या काळात सर्वाधिक असतात. तेव्हा खिसा आणि हवामान यांचा मेळ घालायचा, तर एप्रिलचा उत्तरार्ध, मे किंवा डिसेंबरचा पहिला पंधरवडा हे दिवस उत्तम. तापमानाची चिंता नको. ते बाराही महिने साधारण २४ ते ३१ अंशांच्या दरम्यान असते. पण बेट १३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे चेन्नईच्या रेषेत आहे. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि दुपारपर्यंत कातडी भाजून निघते.

एप्रिल-मे निवडणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. २०११ पासून कॅरेबियन किनाऱ्यांवर 'सारगॅसम' हे तपकिरी समुद्री शेवाळ मोठ्या प्रमाणावर वाहून येऊ लागले आहे. साधारणपणे वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचे प्रमाण वाढते, किनाऱ्यावर ढीग साचतात आणि कुजू लागले की दुर्गंधी सुटते. बार्बाडोसमध्ये त्याचा त्रास मुख्यतः पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला होतो. पश्चिम किनारा बराचसा वाचतो.

वादळाच्या मोसमातच जाणे भाग असेल, तर प्रवास विमा तिकिटासोबतच काढावा. वादळाची चाहूल लागून त्याला नाव मिळाल्यानंतर काढलेला विमा सहसा त्या वादळामुळे झालेले नुकसान भरून देत नाही. सहल रद्द होणे, लांबणे आणि वैद्यकीय उपचार या तिन्हींचा समावेश आहे ना, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचून घ्यावे.

एका बेटाचे तीन समुद्र

जाहिरातीतील छायाचित्रांत बेटाचा समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो. प्रत्यक्षात बार्बाडोसला तीन बाजूंना तीन स्वभावांचे समुद्र आहेत. येथे वारे बाराही महिने पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे पूर्वेचा किनारा अटलांटिकच्या लाटा अंगावर घेतो, तर पश्चिमेचा किनारा बेटाच्या आडोशाला राहतो.

पश्चिम किनारा म्हणजे सेंट जेम्स परगणा आणि होलटाऊनचा परिसर. १६२७ मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत येथेच झाली. पाणी तळ्यासारखे संथ आणि सूर्यास्त थेट समुद्रात, आपल्या कोकणासारखाच. अर्थात, बेटावरील सर्वांत महागडी हॉटेलेही याच पट्ट्यात आहेत.

दक्षिण किनारा म्हणजे हेस्टिंग्ज, वर्दिंग आणि सेंट लॉरेन्स गॅप. येथे लाटा थोड्या खेळत्या. मध्यम दराची निवासस्थाने, पायी जाता येतील अशी उपाहारगृहे, किराणा दुकाने आणि सतत धावणाऱ्या मिनीबस. पहिल्यांदा जाणाऱ्या आणि हिशेबाने खर्च करणाऱ्या जोडप्याला हा भाग सोयीचा.

पूर्व किनाऱ्यावरील बाथशिबा पाहण्यासाठी आहे, पोहण्यासाठी नव्हे. समुद्रात उभे असलेले प्रचंड खडक आणि त्यांवर फुटणाऱ्या लाटा पाहत तेथे तासन् तास बसता येते. सर्फिंग करणाऱ्यांमध्ये तो प्रसिद्ध आहे. मात्र पाण्याखालचे प्रवाह जबरदस्त असल्याने सराईत पोहणाऱ्यांनीही तेथे धाडस करू नये.

हा तपशील एवढ्यासाठी द्यायचा, की आपल्याकडे बहुतेक जोडप्यांत एकाला पोहता येते आणि दुसऱ्याला येत नाही. कधी दोघांनाही येत नाही. ही गोष्ट हॉटेल ठरवण्यापूर्वी मोकळेपणाने बोलावी. पोहता न येणाऱ्यासाठी पश्चिम किनारा किंवा ब्रिजटाऊनजवळचा कार्लाइल बे उत्तम. कार्लाइल बेच्या उथळ पाण्यात बुडालेल्या जुन्या जहाजांचे अवशेष आणि समुद्री कासवे पाहण्यासाठी लोक येतात. जीवरक्षक जाकीट घालून हे करता येते. कासवांना हात मात्र लावू नये.

बार्बाडोसमध्ये किनारे सार्वजनिक आहेत. महागड्या हॉटेलासमोरच्या वाळूवरही कोणालाही बसता येते. म्हणजे स्वस्त दक्षिणेला मुक्काम करून दिवसभरासाठी बसने पश्चिमेला जाण्यात कसलीच अडचण नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. काही किनाऱ्यांवर 'मँचिनील' नावाचे झाड आढळते. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी त्याची फळे अत्यंत विषारी असतात आणि चिकाने कातडीवर फोड येतात. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभे राहिले, तरी पानांवरून ठिबकणारे पाणी भाजते. अनेक ठिकाणी अशा झाडांच्या बुंध्यांवर लाल पट्टा रंगवलेला असतो. तो दिसला की दूर व्हावे.

'चाळीस डॉलर' म्हणजे किती?

बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर आहे आणि १९७५ पासून त्याचा दर स्थिर आहे. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. दोन्ही चलने बेटावर चालतात आणि घोटाळा येथेच होतो. टॅक्सीवाला 'चाळीस' म्हणाला, तर त्याचे चाळीस बार्बाडोसचे, म्हणजे अमेरिकी वीस, असू शकतात किंवा अमेरिकी चाळीसही. गाडीत बसण्यापूर्वी 'कोणते डॉलर?' हे विचारण्यात संकोच बाळगू नये. टॅक्सींना मीटर नसतो, भाडे आधीच ठरवायचे असते.

रुपये तेथे बदलून मिळण्याची आशा ठेवू नये. येथून अमेरिकी डॉलर न्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका प्रवासात प्रत्येकी ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, बाकी रक्कम कार्डावर. एका कार्डावर दोघांनी विसंबू नये. दोन कार्डे दोघांकडे असावीत. उरलेले बार्बाडोस डॉलर तेथेच खर्च करावेत, कारण इकडे ते कोणी घेत नाही. उपाहारगृहाच्या बिलात बहुधा दहा टक्के सेवाशुल्क आकारलेले असते. मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर साडेसतरा टक्के आहे. दरपत्रकातील आकडा करासह आहे की करावाचून, हे हॉटेल ठरवतानाच विचारावे. पर्यटन कंपनीकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास आपल्याकडे उगमाशी कर वसूल केला जातो. ती रक्कम विवरणपत्र भरताना जमेस धरता येते, परंतु सहलीच्या वेळी ती हातातून जाते, हे अंदाजपत्रकात धरावे.

बेटावर फिरण्यासाठी बस पुरेशा आहेत. निळ्या सरकारी बस, पिवळ्या खासगी मिनीबस आणि 'झेडआर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या व्हॅन. २०१९ पासून अंतर कितीही असले तरी भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर आहे. सरकारी बसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत. झेडआर व्हॅनमध्ये गाणी मोठ्याने वाजतात आणि वेग आपल्या शेअर जीपची आठवण करून देतो. एक-दोन दिवस भाड्याची मोटार घ्यायची, तर आपल्या परवान्यासोबत पर्यटकांसाठीचा स्थानिक परवाना लागतो. तो मोटार देणारी कंपनीच मिळवून देते.

पानात काय?

मासे खाणाऱ्या मराठी माणसाला बार्बाडोस परके वाटणार नाही. 'उडता मासा' हे या देशाचे मानचिन्हच. तो 'कुकू'सोबत खातात. कुकू म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेला, आपल्या उकडीच्या जवळ जाणारा पदार्थ. शुक्रवारी संध्याकाळी दक्षिणेकडील ऑइस्टिन्स या कोळीवाड्यात मासे भाजून देणाऱ्या टपऱ्यांवर अवघे बेट लोटते. गाणी, नाच आणि लांब बाकांवर अनोळखी लोकांच्या शेजारी बसून जेवण. तो कार्यक्रम चुकवू नये.

शाकाहारींनी मात्र आधीच विचार करावा. मॅकरोनी पाय, भात व कडधान्य यांचे मिश्रण, तळलेली केळी आणि नीरफणस हे पदार्थ सर्वत्र मिळतात. पण भातात खारवलेले मांस घातले आहे का, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. कोकणात ज्याची कापे तळतात, तो नीरफणस १७९३ मध्ये कॅप्टन ब्लाय याने ताहितीहून कॅरेबियनमध्ये आणला, गुलामांना स्वस्तात जेवू घालण्यासाठी. बटाटा किंवा हरभरा भरलेली रोटीही मिळते. ती शेजारच्या त्रिनिदादमधून आली आणि त्रिनिदादला ती १८४५ पासून ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय गिरमिटियांनी पोहोचवली. जेवण आणि मद्य अंतर्भूत असलेले 'ऑल इनक्लुझिव्ह' हॉटेल शाकाहारी, मद्य न घेणाऱ्या जोडप्याला महाग पडते, कारण न खाल्लेल्या माशाचे आणि न घेतलेल्या रमचे पैसे त्यात भरलेले असतात. त्यापेक्षा लहानसे स्वयंपाकघर असलेली खोली बरी.

सात रात्री कशा घालवाल?

जाण्यायेण्याचे दिवस धरून दहा दिवसांची रजा असेल, तर बेटावर सात रात्री मिळतात. भारत आणि बार्बाडोस यांच्या वेळेत साडेनऊ तासांचे अंतर आहे. पहिले दोन दिवस पहाटे तीनला जाग येणार आणि संध्याकाळी डोळे मिटणार. त्या दोन दिवसांत किनाऱ्याखेरीज काहीही ठरवू नये. बहुतेक भांडणे याच दोन दिवसांत होतात आणि त्यांना स्वभाव नव्हे, झोप कारणीभूत असते.

तिसरा दिवस ब्रिजटाऊनला द्यावा. जुने शहर आणि त्याला लागून असलेली लष्करी छावणी यांना २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. केन्सिंग्टन ओव्हल तेथून जवळच. २००७ च्या विश्वचषकासाठी या मैदानाची पुनर्बांधणी झाली. १९६२ मध्ये येथेच चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून नरी कॉन्ट्रॅक्टर जायबंदी झाले आणि त्यांच्यासाठी फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. १९९७ मध्ये येथेच सचिन तेंडुलकरच्या संघाला १२० धावांचे लक्ष्य पेलले नाही आणि डाव ८१ धावांत आटोपला. २०२४ चा विजय या दोन आठवणींच्या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. जोडीदाराला क्रिकेटमध्ये रस नसेल, तर एक तास पुरे. हे आधीच कबूल करून टाकावे.

चौथ्या दिवशी बेटाच्या मध्यभागी असलेली हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा पाहावी. आत विजेवर चालणाऱ्या गाडीतून नेतात. पाचव्या दिवशी मोटार घेऊन उत्तर टोकाची अ‍ॅनिमल फ्लॉवर केव्ह, सतराव्या शतकातील सेंट निकोलस अ‍ॅबी ही वाडी आणि परतताना बाथशिबा असा फेरा करता येतो. अ‍ॅबीचा देखणा वाडा आणि त्याभोवतीचा ऊस पाहताना तो कोणाच्या श्रमावर उभा राहिला, हे विसरता येत नाही. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी हे मळे पिकवले. १८१६ मध्ये बुसा याच्या नेतृत्वाखाली त्यांनी बंड केले आणि ते चिरडले गेले. साखळ्या तोडून उभ्या राहिलेल्या माणसाचा १९८५ मध्ये उभारलेला पुतळा बेटावरील एका मोठ्या चौकात आहे. लोक त्याला बुसाच म्हणतात.

उरलेले दोन दिवस मोकळे ठेवावेत. एकाने वाळूवर पुस्तक वाचावे, दुसऱ्याने पाण्यात डुंबावे. दोघांनी प्रत्येक तास एकत्रच घालवला पाहिजे असे नाही. मात्र एक दिवस तिच्या आवडीचा, एक दिवस त्याच्या आवडीचा, हे घरूनच ठरवलेले असावे.

त्रिनिदाद जोडून घेण्याचा मोह काहींना होतो. १९७१ मध्ये सुनील गावसकरांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या ज्या मैदानावर पदार्पण केले आणि अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला, ते पाहावेसे वाटणे साहजिक आहे. पण त्रिनिदादचा समावेश पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत होतो. तेथून परतणाऱ्याकडे प्रवासापूर्वी किमान दहा दिवस आधी घेतलेल्या लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. बार्बाडोसही अशा देशांतून येणाऱ्यांकडे हे प्रमाणपत्र मागते. लस अधिकृत केंद्रांवरच मिळते, तेव्हा ते आधी ठरवावे.

लग्नाचा खर्च बहुतेक घरांत आई-वडील ठरवतात. पहिली सहल हे दोघांनी मिळून केलेले पहिले अंदाजपत्रक असते. किती खर्च करायचा, कशावर करायचा नाही, कोणाला कशाची भीती वाटते आणि कोणाचे कोणते स्वप्न आहे, हे त्या निमित्ताने पहिल्यांदा कागदावर येते. ट्रॅव्हल एजंटला फोन करण्याआधी एक संध्याकाळ दोघांनी दोन पासपोर्ट, एक दिनदर्शिका आणि एक वही घेऊन बसावे.

निघण्यापूर्वी

- दोघांच्याही पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी.
- ट्रान्झिटचा नियम दोघांसाठी स्वतंत्रपणे तपासावा. तिकीट त्यानंतरच काढावे.
- लष्करी छापाचे, म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे नेऊ नयेत. बार्बाडोसमध्ये सामान्य नागरिकांनी, लहान मुलांनीही, ते वापरणे कायद्याने मना आहे.
- पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरतेच. गावात वा दुकानात त्यावर फिरणे असभ्य समजतात.
- वीज ११५ व्होल्टची आणि प्लग अमेरिकी पद्धतीचे. अडॅप्टर न्यावा, २३० व्होल्टची केस वाळवण्याची यंत्रे नेऊ नयेत.
- दुकानात काही विचारण्यापूर्वी 'गुड मॉर्निंग' म्हणावे. तेथे त्यावाचून बोलायला सुरुवात करणे उद्धटपणाचे मानतात.
- डासांपासून संरक्षण करणारे मलम आणि नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळ ठेवावीत.
- तातडीचे क्रमांक : पोलीस २११, अग्निशमन ३११, रुग्णवाहिका ५११.
- घरी फोन करायचा असल्यास तेथील सकाळी साडेदहाची वेळ बरी. तेव्हा इकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात.